व्याह्यांचं धोतर आणि दहा लंगोट

लंगोट शिवायला अक्कल लागत नाही, असं मी माझ्या बायकोला ऐकवलं तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते. तीन कोन, तीन नाड्या, संपला विषय! पंचायत समितीत बत्तीस वर्षं कारकुनी केलेला माणूस मी. ज्यानं सरपंचांच्या शिव्यांचे सुवाच्य अर्ज करून दाखवले, त्याला तीन नाड्यांचं काय ओझं?

आमच्या शिवकन्येचं पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे आमच्याकडं तेरला झालं. मुलगी झाली. आज बारावा दिवस, संध्याकाळी पाचला बारसं, आणि बाळाला घालायला कोरडा लंगोट नाही अशी परिस्थिती. याला कारण माझी बायको धुरपदा. बारसं होईपर्यंत बाळाच्या अंगाला नवं कापड लागू द्यायचं नाही, हा तिच्या माहेरचा कायदा. नोकरीसाठी पुण्यात असलेल्या जावयानं पाठवलेला डायपरचा गठ्ठा तिनं बघताक्षणी कपाटावर टाकला होता. कापड जुनं पाहिजे, सुती पाहिजे, धुऊन धुऊन मऊ झालेलं पाहिजे. नातीनं मात्र अकरा दिवसांत घरातली सगळी जुनी लुगडी संपवली होती.

"दोरीवर आण्णांचं रोजचं धोतर हाय," धुरपदा म्हणाली. "तेच फाडते."

आण्णा म्हणजे माझे वडील. वय शहाऐंशी, दात चार, मतं भरपूर.

"फाडते म्हणजे?" मी म्हणालो. "संध्याकाळी गावातल्या बायका बाळ हातात घेऊन बघणार. चिंध्या गुंडाळणार का तिला? मी शिवतो. चांगले मशीनवर."

"तुमी?"

"मोबाईलवर सगळं बघितलंय मी."

धुरपदाला घुगऱ्या शिजत घालायच्या होत्या, म्हणून ती जास्त बोलली नाही. नुसती मशीनकडं आणि माझ्याकडं आळीपाळीनं बघून आत गेली. मशीन तिचं, पायानं चालवायचं, लग्नात माहेराहून आलेलं.

आता दोरीवर एक नाही, दोन धोतरं वाळत होती. दुसरं होतं आमच्या व्याह्यांचं, आणि ते तिथं का होतं हे सांगायलाच हवं.

आमचे व्याही बिभीषणराव सास्तूरचे. चाळीस एकर काळी जमीन, दोन विहिरी, एक ट्रॅक्टर आणि नाकाच्या शेंड्यावर राग. लग्नात त्यांना जीपमध्ये मागं बसवलं म्हणून मांडवाबाहेर तासभर रुसून बसले होते. अक्षता थांबल्या होत्या! बारशालाही बाकीची मंडळी भाड्याच्या जीपनं चारला येणार होती, पण पुढची जागा मिळेल याची खात्री नसल्यामुळं हे एकटे पहाटेच्या एसटीनं निघून नऊलाच हजर झाले. मी लगबगीनं चहा दिला. म्हणजे अर्धा हातात दिला आणि अर्धा धोतरावर. तेव्हा माझं लक्ष त्यांच्या नाकाकडं होतं, धोतराकडं नव्हतं. रात्री परत जायचं म्हणून त्यांनी दुसरं धोतर आणलंच नव्हतं. मग धुरपदानं ते धुऊन दोरीवर टाकलं, मी त्यांना माझी लुंगी दिली, आणि पोहे खाऊन ते बाहेरच्या खोलीत आडवे झाले.

तर मी दोरीपाशी उभा. एक धोतर पांढरंशुभ्र, जाड, दणकट. दुसरं इतकं विरलेलं की त्यातून शेजारच्यांचा लिंब स्पष्ट दिसत होता. वर दोन ठिगळं. यात विचार करण्यासारखं काय होतं, तुम्हीच सांगा. चाळीस एकरवाल्याचं धोतर कोणतं आणि दिवसभर ओट्यावर बसून तंबाखू मळणाऱ्या आण्णांचं कोणतं, हे आंधळ्यानंही ओळखलं असतं. मी विरलेलं ओढलं, सरळ मशीनवर नेलं आणि कात्री चालवली.

बाळ झोपलेलं असल्यामुळं माप घेता आलं नाही. म्हणून स्वयंपाकघरातल्या भोपळ्याचं घेतलं. पहिला लंगोट उलटा झाला, दुसऱ्याला चार नाड्या लागल्या, पण तिसऱ्यापासून हात असा बसला की मला माझंच कौतुक वाटायला लागलं. दीड वाजेपर्यंत अर्ध्या धोतरातून दहा लंगोट झाले. एक लगेच शिवकन्येला नेऊन दिला. तिनं बाळाला बांधून बघितला. बाळ त्यात कमरेपासून काखेपर्यंत मावलं.

"बरं झालं आप्पा," शिवकन्या म्हणाली. "वर्षभर चालतील."

मी कॉलर ताठ करून बाहेर येतो तर आण्णा दोरीवरचं दणकट धोतर काढून नेसत होते.

"आण्णा, ते व्याह्यांचं हाय."

"कुणाचं?" आण्णा निऱ्या खोचत म्हणाले. "दिवाळीला तूच आणलंस की मला. इसरलास व्हय?"

मीच आणलं होतं. धाराशिवहून.

धुरपदाला सांगितलं तेव्हा तिच्या हातातला झारा तसाच राहिला. शिवकन्या तर खाटेवर उठूनच बसली.

"आप्पा, त्या धोतराला मामंजी कुणाला हात लावू देत न्हाईत," ती म्हणाली. "एकदा इस्त्रीवाल्यानं डाग पाडला तर सहा महिने त्याच्याशी बोलले न्हाईत. मला महिन्यानं त्याच घरात जायचंय. जन्मभर ऐकावं लागंल, तुझ्या बापानं धोतर फाडलं म्हणून."

तिचे डोळे भरून आले आणि माझी सगळी शिलाई उतरली. इतका वेळ हा आपला एक घोटाळा वाटत होता. आता लेकीच्या संसाराचा प्रश्न झाला.

मी बाहेरच्या खोलीत गेलो. व्याही नुकतेच जागे झाले होते.

"बिभीषणराव, आहेराचं धोतर आताच नेसता का? नवं कोरं हाय."

"टिळा लागल्याबिगर आहेर नेसायला मी काय उघडा पडलोय?" ते म्हणाले. मग स्वतःच्या लुंगीकडं बघून त्यांनी आवाज वाढवला. "माझं धोतर वाळलं का न्हाय अजून?"

"वाळतंय."

बाहेर चैत्राचं ऊन असं होतं की दगडसुद्धा वाळून हलका झाला असता. पण ते कूस वळवून पुन्हा झोपले. मी ओट्यावर धावलो.

"आण्णा, तुमचं धोतर व्याह्यांना द्या."

"मग मी काय नेसू? लंगोट?" आण्णा म्हणाले. "पणजोबा हाय मी आज."

एकच मार्ग उरला होता. जे फाडलं ते परत जोडायचं. धोतराचं लंगोट करणारे जगात पुष्कळ असतील, लंगोटांचं धोतर करायला बसलेला मी पहिलाच! धुरपदा नाड्या उसवत होती, मी तुकडे जुळवत होतो. कुठला कोन कुठून आला हे कोण सांगणार? काही जुळले, काही जुळवले. वेळ कमी म्हणून टाके लांब लांब घातले. अर्धं धोतर अजून अखंड होतं. जोडलेलं अर्धं निऱ्यांत दडेल आणि अखंड बाजू बाहेर दिसेल, असा माझा हिशेब होता.

नऊ तुकडे बसले. दहावा बाळाच्या अंगावर होता. तो सोडून आणला तर बाळानं तोपर्यंत आपलं काम केलेलं. बाळाला तोवर दोरीवर वाळलेलं एक जुनं फडकं उसवलेल्या नाडीनं बांधलं. दहावा धुतला, पिळला, इस्त्री फिरवली. बाहेर जीपचा हॉर्न वाजला, विहीणबाई आल्या. दहाव्याच्या नाड्या उसवायला सवड कुठली? तसाच कोपऱ्याला जोडला आणि धोतराची चौकोनी घडी करून व्याह्यांच्या हातात दिली.

व्याही आतल्या खोलीत जाऊन नेसून आले. त्यांनी दुसऱ्या टोकानं सुरुवात केली होती! अखंड बाजू सगळी निऱ्यांत गेली आणि माझी कारागिरी मागं पसरली. कासोट्याच्या बाजूनं दहाव्या लंगोटाची नाडी शेपटासारखी लोंबत होती.

"वलं लागतंय जरा," व्याही मागं चाचपत म्हणाले.

"नदीकाठचं गाव ना, हवेत ओल असते," मी म्हणालो. तेरणेला दोन महिन्यांपासून पाणी नव्हतं.

मी लगेच त्यांच्या पाठीला चिकटलो. ते ओट्यावर गेले, मी मागं. ते हात धुवायला गेले, मी मागं. ते वळले की मीही वळायचो. शेवटी ते थांबले.

"बब्रुवानराव, म्होरं व्हा की. मागं मागं काय करताय?"

"तुमच्या पुढं मी कसा जाऊ?"

बिभीषणरावांच्या कपाळावरची आठी लग्नानंतर पहिल्यांदा सुटली. त्यांनी चार माणसांत माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मानपान जाणणारं घर हाय," ते म्हणाले. पडद्याआडून शिवकन्येनं हे ऐकलं, आणि मला वाटलं, निभावलं.

पाच वाजता बायकांनी अंगण भरलं. पाळण्याला फुगे लावले, घुगऱ्यांचं पातेलं पुढं आलं. व्याही पाटावर मांडी घालून बसले आणि नातीला मांडीवर घेतलं. मी पाठीमागं उभा होतोच. पण बाळाला बघायला त्यांच्या शेजारी येऊन बसल्या त्या आमच्या विहीणबाई, नागूबाई. बाई अतिशय टापटिपीच्या. बाळाच्या दुपट्यातून एक नाडी लोंबतेय आणि खाली मांडीजवळ दुसरी पडलीय, हे त्यांच्या नजरेतून सुटणं शक्य नव्हतं. लेकराचा लंगोट सुटलाय असं समजून त्यांनी दोन्ही नाड्या उचलल्या आणि पक्की निरगाठ मारली.

एक नाडी बाळाची होती. दुसरी व्याह्यांची.

मी गाठ सोडवायला खाली वाकलो. तेवढ्यात पाळण्याचं गाणं सुरू झालं. धुरपदा वाकली, तिनं बाळाला उचललं आणि पाळण्याकडं निघाली. बाळाबरोबर धोतरही निघालं. माझे लांब टाके एकामागून एक सुटत गेले, टर्र, टर्र, आणि प्रत्येक टर्रला एक तिकोनी तुकडा सतरंजीवर पडत गेला. व्याही घाबरून उभे राहिले, तसा कासोटाही सुटला. नेहरू शर्ट गुडघ्यापर्यंत होता म्हणून इभ्रत वाचली, पण खालची पट्ट्यापट्ट्यांची चड्डी सगळ्या तेरनं बघितली. गाणं थांबलं. एक बाई तेवढ्यात हसली आणि तिनं पदर तोंडात घातला.

बिभीषणरावांनी खाली वाकून एक तुकडा उचलला. उलटा केला, सुलटा केला.

"हे काय हाय?"

"लंगोट," मी म्हणालो. आता लपवून उपयोग नव्हता. "माझी चूक झाली. आण्णांचं धोतर समजून मी तुमचं फाडलं. पोरीचा यात काही दोष न्हाय, जे बोलायचं ते मला बोला."

"माझं धोतर तुमाला त्यांचं कसं वाटलं?"

खरं सांगावं तर अपमान, खोटं सुचत नव्हतं. आण्णांनी ओट्यावरून आवाज दिला, "अवो, लई फाटकं होतं. त्याला वाटलं गरिबाचं असंल."

शिवकन्येनं डोळे मिटून घेतले. व्याह्यांच्या नाकपुड्या फुलायला लागल्या, आणि इतक्यात नागूबाई हसायला लागल्या. कंबर धरून हसल्या. हसता हसता डोळ्याला पदर लावला.

"आठ वर्सं झाली," त्या म्हणाल्या. "आठ वर्सं सांगते की ते धोतर टाका, लोक गडी समजतील. न्हाय म्हणून आडून बसायचे. मी फाडीन म्हणून रातीचं उशाला घेऊन निजायचे. आज देवानंच ऐकलं." मग त्या उठल्या, आत गेल्या आणि शिवकन्येच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. "तुझ्या बापानं माझं काम केलं बग पोरी. तुला कुणी शब्द बोलंल तर मला सांग."

धुरपदानं चपळाईनं टिळा लावला, आहेराचं धोतर पुढं केलं, आणि बिभीषणराव आत जाऊन नेसून आले. नव्या धोतरात माणूस चांगला चाळीस एकराचा दिसत होता. बाळाचं नाव सृष्टी ठेवलं. घुगऱ्या खाताना त्यांनी मला एवढंच विचारलं, की बाळाला लंगोट मऊ लागतात का. मी हो म्हणालो. त्यांनी मान हलवली, आणि सतरंजीवरचे तुकडे स्वतः गोळा करून पाळण्यात ठेवले.

जीपमध्ये पुढची जागा त्यांनाच दिली. नागूबाई चढता चढता माझ्याजवळ थांबल्या. "भाऊ, गरज पडली तर तुमचं नाव वापरलं तर चालंल न्हवं?"

"तुमचंच समजा," मी म्हणालो. एवढ्या मोठ्या संकटातून सुटलेला माणूस दुसरं काय म्हणणार?

आठ दिवसांनी दुपारी व्याह्यांचा फोन आला. शिवकन्या पाळण्याची दोरी धरून बसली होती.

"बब्रुवानराव," व्याही म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात राग कमी आणि बुचकळा जास्त होता. "माझी घरातली जुनी तीन धोतरं बी फाटली. पार लंगोट झालेत त्यांचे. ही म्हणते, ते बी तुमीच केलं. आता मला सांगा, तुमी सास्तूरला आलता कवा?"

मागून नागूबाईंच्या बांगड्यांचा आवाज येत होता. इकडं शिवकन्या माझ्या तोंडाकडं बघत होती. पंधरा-वीस दिवसांत तिला त्याच घरी, त्याच सासूच्या हाताखाली जायचं होतं.

"परवा," मी म्हणालो. "तुम्ही झोपला होता."