चवळीचा दाणा

शिल्पा प्रशिक्षणासाठी जळगावला गेली आणि पावणेदोन वर्षांच्या साक्षीला जेवू घालण्याचं काम प्रशीलवर येऊन पडलं. डॉक्टरबाईंनी बजावलं होतं, नुसत्या वरणभातावर भागणार नाही. कडधान्यं, अंडं, दही, मासे असं बदलून बदलून द्या. साक्षी मात्र वरणभाताशिवाय काही तोंडाजवळ येऊ देत नसे. अंडं तिने थुंकलं होतं, पनीर भिंतीला लावलं होतं. आईच्या हातून जे खाल्लं नाही ते आपल्या हातून काय खाणार, या काळजीने प्रशीलचा जीव सकाळपासून थाऱ्यावर नव्हता.

त्याने चवळी शिजवली. कुस्करलेल्या चवळीची वाटी साक्षीने ढकलून दिली. मग निदान बघेल तरी, म्हणून एक अख्खा दाणा तिच्यापुढे ठेवून तो फडकं आणायला वळला. परत बघतो तर दाणा नाही. ताटाखाली नाही, फ्रॉकमध्ये नाही, फरशीवरही नाही.

"साक्षी, चवळी कुठंय?"

साक्षीने नाकावर बोट ठेवलं.

प्रशीलने मोबाइलचा उजेड पाडून पाहिलं, पण ती मान स्थिर ठेवेना. गडबड ऐकून शेजारच्या लीलाबाई आल्या.

"काय व्हयनं रे भाऊ?"

"अक्का, हिच्या नाकात चवळी गेली."

"मंग तपकीर सुंगाड. शिंक उनी का बठ्ठं भाहेर."

शिंकेसरशी सगळं बाहेर पाडायला त्यांनी कनवटीची डबी काढली तसा प्रशील लेकीला उचलून थेट रिक्षात जाऊन बसला. वाटेत तो पुन्हा पुन्हा विचारत होता, आणि साक्षीचं बोट दर वेळी नाकावरच जात होतं. शिल्पाला काय तोंड दाखवायचं, हे त्याला सुचेना.

डॉक्टरबाईंनी दोन्ही नाकपुड्या नीट तपासल्या. "काही नाहीये इथे."

"आहे हो. ती स्वतः सांगतेय."

बाई साक्षीकडे वळल्या. "साक्षी, पंखा कुठंय?"

साक्षीने नाकावर बोट ठेवलं.

"बाबा कुठंय?"

पुन्हा नाक.

"घरी नाक-कान शिकवताय का?"

"नाक झालंय," प्रशील ओशाळून म्हणाला. "कान अजून व्हायचाय."

"मग खाल्ला असेल दाणा. अख्खा पुन्हा देऊ नका, घशात अडकतो."

प्रशीलला पुढचं ऐकूच आलं नाही. "खाल्ला? आपणहून?"

बाहेर येताच त्याने फोन लावला. "शिल्पा, साक्षी चवळी खायला लागली."

"काय सांगतोस. किती खाल्ली?"

प्रशीलने कडेवरच्या लेकीकडे पाहिलं.

"मोजली नाही गं," तो म्हणाला.