कुलगुरूंच्या दाराशी दीडशे किलो

क्रीडासंचालकांनी सकाळपासून चौथा कागद फाडला. विद्यापीठाला खर्च झेपेना, म्हणून अकरापैकी तीन संघ बंद करायचे होते आणि कोणते ते त्यांनीच सांगायचं होतं. हॉकी लिहिलं की हॉकीच्या मुलांचे चेहरे डोळ्यांपुढे येत. पोहणं लिहिलं की पेन तिथेच अडे. शेवटी ते कोराच कागद घेऊन वित्त अधिकाऱ्यांपुढे उभे राहिले.

"एवढंही जमत नाही तुम्हाला?" वित्त अधिकारी म्हणाले आणि त्यांनी उभ्या उभ्या तीन नावं ठोकून दिली. तलवारबाजी, टेबल टेनिस आणि मुलींचं वेटलिफ्टिंग.

"साहेब, वेटलिफ्टिंगच्या मुलींनी गेल्या वर्षी दोन पदकं आणलीत."

"वजनं उचलायला संघ कशाला लागतो? शिपाई आहेत की आपल्याकडे!"

लगेच आदेश निघाला. वेटलिफ्टिंगची खोली बारापर्यंत रिकामी करावी, तिथे फायली ठेवायच्या आहेत. साहित्य आहे त्या स्थितीत हलवावं. आणि बंद झालेल्या संघाच्या खेळाडूंनी साहित्याला हात लावू नये.

मुलींच्या कॅप्टनने आदेश दोनदा वाचला. अंगाने ती काडीसारखी होती, पण आवाज असा की भिंतीवरचं घड्याळ हलावं. "ठीक आहे," ती म्हणाली, "कुणी हात लावायचा नाही." सहाही मुली हाताची घडी घालून व्हरांड्यात ओळीने बसल्या.

दोन शिपाई आले. एकाने कंबरदुखीचा पट्टा बांधला होता, दुसरा दोन महिन्यांत निवृत्त होणार होता. खोलीत मधोमध लोखंडी दांडी पडली होती, दोन्ही टोकांना चकत्या चढवलेल्या. एकूण वजन दीडशे किलो. पट्टेवाल्याने चकत्यांकडे बोट दाखवलं, तेव्हा दुसऱ्याने आदेश पुढे केला. "आहे त्या स्थितीत, असं लिहिलंय. उगाच अंगाशी येईल."

मग त्यांनी दांडी आहे त्या स्थितीत लोटत बाहेर आणली. सपाट जागेवर ती गरीब गाईसारखी चालली. पण व्हरांड्याच्या शेवटी उतार होता. उतार लागताच ती शिपायांच्या हातून निसटली, गडगडत गेली, कुलगुरूंच्या दारावर धाडकन आदळली आणि उंबऱ्याबाहेरच्या पन्हळीत रुतून बसली.

दार बाहेर उघडणारं होतं. आत कुलगुरू होते, वित्त अधिकारी होते आणि अख्खी खर्चकपात समिती होती. खिडक्यांना गज होते.

"काय चाललंय बाहेर?" कुलगुरू ओरडले. "मला एक वाजता मंत्र्यांकडे जायचंय!"

क्रीडासंचालक धावत आले आणि दांडी अडकल्याचं त्यांनी दाराला तोंड लावून सांगितलं. शिपायांनी दांडीला हात घातला. पट्टेवाल्याची कंबर लचकली. मदतीला धावलेल्या हेडक्लार्कची पँट मागून टर्रकन फाटली आणि तो भिंतीला पाठ लावून तसाच सरकत निघून गेला. दांडी तसूभरही हलली नाही.

"त्या मुलींना बोलवा!" आतून वित्त अधिकारी म्हणाले.

"आम्ही इथेच आहोत," कॅप्टन म्हणाली. "पण आमचा संघ बंद झालाय. हात लावायचा नाही, असा तुमचाच आदेश आहे."

"मी तोंडी परवानगी देतो!"

"तोंडी चालत नाही साहेब. आणि नुसता आमचा संघ नको. तिन्ही संघ परत हवेत."

आत कुजबुज झाली. मग कुलगुरूंचा आवाज आला, आता जरा मऊ. "संचालक, दुसरा काही उपाय आहे का हो?"

संचालकांनी दांडीकडे पाहिलं. चकत्यांकडे पाहिलं. ओळीने बसलेल्या मुलींकडे पाहिलं.

"नाही सर," ते म्हणाले. "मुलींशिवाय हे कुणाच्या बापालाही उचलवणार नाही."

"मग लिहा काय लिहायचं ते! पण कपात कुठेतरी व्हायलाच हवी!"

संचालक पायरीवर बसले. सकाळपासून अडलेलं पेन आता सरसर चालू लागलं. तिन्ही संघ पूर्ववत चालू राहतील. त्याऐवजी अधिकाऱ्यांचा क्रिकेट संघ, त्याच्या टोप्या, कोट आणि वार्षिक सहलीसह, आजपासून बंद. त्यांनी कागद दाराखालून आत सरकवला.

"सही कुठे करू?" एवढंच कुलगुरूंनी विचारलं. कागद परत आला.

कॅप्टनने सही पाहिली, मागे वळून हाक दिली आणि चौघी उठल्या. दोघी एका टोकाला, दोघी दुसऱ्या. एक आरोळी, आणि दांडी पन्हळीतून वर. दार उघडलं. कुलगुरू कुणाकडेही न बघता गाडीकडे पळाले.

मुली दांडी घेऊन खोलीकडे निघाल्या. कॅप्टन संचालकांपाशी रेंगाळली.

"सर, एक सांगू? रागावणार नाही ना?"

"सांग पोरी."

"टोकाचे स्क्रू सैल करून चकत्या एकेक काढल्या असत्या ना, तर शिपाईकाकांनाही जमलं असतं. तुम्हाला माहीत नाही, असं धरून मी गप्प बसले."

"अगं, मीही त्याच काळजीत होतो," संचालक म्हणाले. "म्हटलं, ही प्रामाणिक पोरगी आता बोलते की काय!"

तेवढ्यात आतून वित्त अधिकाऱ्यांचा आवाज आला, "अहो, क्रिकेट कुणी लिहिलं हे?" आणि दोघंही, वयाचा अन् हुद्द्याचा मुलाहिजा न ठेवता, मैदानाकडे धावत सुटले.