विजयाचा तांदूळ

“हागिनोयासान, तांदूळ संपलाय. परत येताना घेऊन या!” बोटघराच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून, संघाचं जेवण रांधणाऱ्या उमेनोकाकूंनी ओरडून सांगितलं.

“हो हो, आणतो! मी आहे ना!” सायकलवर टांग टाकता टाकता हागिनोयाने उत्तर दिलं, आणि कालव्याच्या वळणावर पोहोचेपर्यंत ते साफ विसरूनही गेला.

काझेहारा विद्यापीठाच्या रोइंग संघाचा हा मुख्य प्रशिक्षक आज तांदळाबिंदळाचं ऐकण्याच्या मनःस्थितीतच नव्हता. साडेदहाला मिझुकामी विद्यापीठाशी वार्षिक शर्यत होती. ती काझेहारा गेली नऊ वर्षं ओळीने हरत आलं होतं, आणि यंदा जिंकलो तर आपण पद सोडू, असं कान्तोकुंनी भर सभेत जाहीर केलं होतं. कान्तोकु म्हणजे संघाचे सर्वेसर्वा. त्र्याहत्तर वर्षांचे कुरामोची सत्तावीस वर्षं त्या जागेवर होते. त्यांच्यानंतर तिथे कोण बसणार, याबद्दल हागिनोयाला तिळमात्र शंका नव्हती. त्याने आभाराचं भाषणसुद्धा लिहून ठेवलं होतं. विमा कंपनीतली वर्षभराची रजा त्याने या कालव्याकाठी घालवली होती, बायकोशी बोलणं आता बहुतेक फोनवरच व्हायचं, मग एवढं तरी मिळायला नको का माणसाला?

आता तांदळाचं सांगितलंच पाहिजे. आठ वल्हेकऱ्यांच्या होडीत नववी असते कॉक्स. ती सुकाणू धरते आणि आठही जणांवर ओरडते. तिचं वजन पंचावन्न किलोपेक्षा कमी भरलं, तर जेवढं कमी तेवढं वजन पिशवीत भरून तिच्या पायाशी ठेवायचं, असा नियम आहे. बाकीचे संघ वाळू भरतात. काझेहाराच्या पिशवीत मात्र तांदूळ, तोही कान्तोकुंच्या गावचा, त्यांच्या थोरल्या भावाच्या शेतातला. जिंकलं तर तोच तांदूळ लाल चवळी घालून शिजवायचा आणि सगळ्यांनी खायचा. हरलं तर कान्तोकु मुकाट्याने तो गावी परत पाठवायचे. आणि शर्यतीआधी त्यातला एक दाणा जरी शिजला तरी हार ठरलेली, अशी त्यांची ठाम समजूत होती. एकदा एका पोराने आदल्या दिवशी दुकानातून नुसता लाल भाताचा डबा आणला, तर त्याला महिनाभर होड्या पुसायला लावल्या होत्या.

साडेआठला वजनं झाली. कॉक्स मिनेगिशी त्रेपन्न किलो तीनशे भरली. वजनावरच्या चष्मेवाल्या पंचांनी पिशवीत एक किलो सातशे तांदूळ मोजून घेतला, ‘तांदूळ, १.७०० किलो’ अशी शिक्क्याची चिठ्ठी पिशवीला बांधली आणि पिशवी हागिनोयाच्या हवाली केली. तो ती घेऊन बोटघरात आला, चहासाठी स्वयंपाकघरात डोकावला, पिशवी टेबलावर ठेवली, खिडकीच्या काचेत बघून भाषणाची एकदा रंगीत तालीम केली आणि पोरांना शेवटचा कानमंत्र द्यायला निघून गेला. पिशवी टेबलावरच राहिली.

नऊ पस्तीसला सहायक प्रशिक्षक त्सुकुदा आला. लिफ्टच्या कंपनीत इंजिनियर असलेला हा तरुण सदा घाईत आणि सदा काळजीत असे.

“पिशवी द्या, होडीत ठेवायचीय.”

“स्वयंपाकघरात आहे. चल.”

स्वयंपाकघरात उमेनोकाकू ओल्या हातांनी भाताचे तिकोनी मुटके वळत होत्या. परातीत मुटक्यांच्या रांगा लागल्या होत्या. फ्रिजच्या दारावर शिक्क्याची चिठ्ठी चुंबकाने नीट लावून ठेवली होती.

“काकू,” हागिनोयाचा आवाज चिरकला, “इथं एक पिशवी होती...”

“होती ना! आणलात बाई एकदाचा तांदूळ. पण किलो-सातशेच? बावीस दांडगे पोरगे आहेत घरात, हागिनोयासान, आणि तुम्ही चिमणीसारखा आणता! वर ही चिठ्ठी कसली? कुणाला भेट द्यायचा होता का?”

हागिनोयाने फ्रिजवरची चिठ्ठी दोनदा वाचली. त्सुकुदा तर भिंतीला टेकलाच.

“संपलं सगळं,” तो म्हणाला. “शर्यतीआधी शिजला. कान्तोकुंना कळलं तर ते पोरांसमोरच सांगतील, घरी जा म्हणून.”

“कळू द्यायचंच नाही. मी आहे ना! वाळू भरू.”

“चिठ्ठीवर तांदूळ लिहिलंय.”

“मग दुकानातून तांदूळ आण.”

“जाऊन यायला चाळीस मिनिटं. होडी पंधरा मिनिटांत पाण्यात उतरणार.”

हागिनोयाने परातीकडे पाहिलं. मग चिठ्ठीकडे पाहिलं. मग पुन्हा परातीकडे. त्याचा चेहरा हळूहळू उजळला.

“त्सुकुदा, चिठ्ठीवर ‘कच्चा’ असं कुठं लिहिलंय?”

“अहो, पण...”

“तांदूळ तोच आहे. पाण्यामुळे वजन वाढलंय, म्हणजे कमी पडायचा प्रश्नच नाही. मोज!”

काट्यावर सोळा मुटके एक किलो सातशे चाळीस भरले. त्सुकुदाने एका मुटक्याचा घास घेतला. एक सातशे पंधरा. अजून एक छोटा घास. एक सातशे बरोबर.

“दाबून सपाट करू का? हाताला लागतील,” तोंडातला घास गिळत त्याने विचारलं.

“खबरदार!” उमेनोकाकूंनी भाताचा चमचा उगारला. “हात भाजून घेतलेत मी. एक जरी मोडलात ना, तर रात्री दोघंही उपाशी झोपाल.”

मुटके तसेच पिशवीत गेले आणि वर चिठ्ठी बांधली गेली. चूक नेमकी काय झाली, हे काकूंना कोणी सांगितलं नाही, आणि त्यांनीही विचारलं नाही. त्यांना अजून सूप करायचं होतं.

धक्क्यावर कान्तोकु वाट बघतच होते. होडी उतरण्याआधी तांदळावर हात ठेवून डोळे मिटायचे, हा त्यांचा दरवर्षीचा रिवाज. त्यांनी हात ठेवला, डोळे मिटले आणि लगेच उघडले.

“हागिनोया, पिशवी गरम आहे.”

“उन्हात होती, कान्तोकु.”

कान्तोकुंनी वर पाहिलं. आभाळ गच्च भरलेलं होतं.

“म्हणजे... मी छातीशी धरून बसलो होतो,” हागिनोया म्हणाला. “सकाळपासून. मनापासून.”

“आणि ही ढेकळं कसली?”

“घट्ट धरली होती, कान्तोकु.”

म्हाताऱ्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. “सत्तावीस वर्षांत,” ते म्हणाले, “या तांदळाला असं कोणी जपलं नाही रे.” हागिनोयाला क्षणभर स्वतःची लाज वाटली, पण क्षणभरच. मागे उभा असलेला त्सुकुदा मात्र बुटाची नाडी बांधायला खाली वाकला तो पुष्कळ वेळ वर आलाच नाही.

होड्या सुरुवातीच्या रेषेवर गेल्या आणि आडवा वारा सुटला. पंचांनी वीस मिनिटं शर्यत थांबवली. काठावर कान्तोकु, हागिनोया आणि त्सुकुदा सायकलींवर बसून होते. दुर्बिणीतून हागिनोयाला स्पष्ट दिसत होतं, की मिनेगिशी खाली वाकतेय, वर येतेय आणि तिचे गाल हलताहेत.

“ती खातेय,” तो पुटपुटला.

“कोण खातेय?” कान्तोकुंनी विचारलं.

“नखं! नखं खातेय. दडपण आलंय पोरीला.”

झेंडा पडला. आठ वल्ही एकदम पाण्यात गेली आणि काठावर सायकली सुटल्या. हजार मीटरपर्यंत मिझुकामी अर्धी होडी पुढे होतं. दीड हजारला पाऊण होडी. कान्तोकुंची मान खाली जाऊ लागली. हागिनोया मनातल्या मनात भाषणाचा कागद फाडू लागला. एवढ्यात होडीतल्या ध्वनिक्षेपकातून मिनेगिशीचा आवाज पाण्यावरून काठावर आला. ती नेहमीसारखे आकडे मोजत नव्हती.

“ऐका रे! माझ्या पायाशी काकूंच्या हातचे मुटके आहेत! गरम आहेत! आत खारवलेला मासा आहे! मिझुकामीला मागे टाकलंत तर तुमचे, नाहीतर देवाशपथ सगळे मी एकटी खाणार!”

पहाटे पाचपासून त्या आठ जणांच्या पोटात एका केळ्यापलीकडे काही गेलेलं नव्हतं. होडीने अशी काही उसळी घेतली की त्सुकुदा सायकलसकट झुडपात गेला आणि तिथूनच ओरडत राहिला. वल्ह्यांच्या शेवटच्या वीस फटक्यांत पाऊण होडीचं अंतर भरून निघालं. काझेहारा हातभर अंतराने जिंकलं.

हागिनोया आनंदाने नाचायला लागला आणि तिसऱ्याच उडीला थांबला. चष्मेवाले पंच काटा घेऊन धक्क्यावर येत होते.

“कॉक्सचं वजन परत तपासायचंय,” ते म्हणाले. त्यांनी पिशवी उचलली. “एक किलो दोनशे ऐंशी. चारशे वीस ग्रॅम कमी.”

कान्तोकुंचा चेहरा पांढराफटक पडला. मिनेगिशीने हळूच हात वर केला.

“बाकीचा माझ्या पोटात आहे, साहेब. चार मुटके. खोटं वाटत असेल तर मोजा.”

पंचांनी तिला काट्यावर उभी केली. त्रेपन्न किलो सातशे वीस. दोन्हींची बेरीज पंचावन्न, ना ग्रॅम कमी, ना ग्रॅम जास्त. पंचांनी पिशवी उघडली, आत बघितलं, चष्मा पुसला, परत बघितलं. मग नियमांचं पुस्तक काढून ते दोनदा शेवटपर्यंत वाचलं.

“कॉक्स आणि पिशवी मिळून पंचावन्न, एवढंच लिहिलंय,” शेवटी ते म्हणाले. “पिशवीतलं कॉक्समध्ये जाऊ नये, असं कुठं नाही. निकाल कायम.”

पोरांनी आरोळी ठोकली आणि पिशवीवर झडप घातली. कान्तोकु मात्र जागचे हलले नव्हते. हागिनोयाने कंबरेत वाकून, जमिनीकडे बघत सगळं कबूल केलं. टेबल, पिशवी, काकू, परात, काही म्हणजे काही लपवलं नाही.

“म्हणजे माझा तांदूळ शर्यतीआधी शिजला,” कान्तोकु सावकाश म्हणाले.

“हो.”

“नऊ वर्षं मी कच्चा पाठवला. नऊ वर्षं हरलो. आज शिजवून पाठवला आणि जिंकलो. माझी अक्कल कुठं गेली होती इतकी वर्षं?” त्यांनी मान वर केली. “मी पद सोडतो. शब्द दिलाय तो पाळतो.”

हागिनोयाने खिशातला कागद चाचपला आणि कोट नीट केला. कान्तोकु त्याच्या बाजूला आले, त्याच्या शेजारून पुढे गेले आणि गर्दीत सुपाचं पातेलं घेऊन उभ्या असलेल्या उमेनोकाकूंसमोर थांबले. त्यांनी काटकोनात वाकून नमस्कार केला.

“काकू, आजपासून कान्तोकु तुम्ही.”

पोरांची तोंडं भाताने भरलेली होती, त्यामुळे त्यांनी नुसते हात वर केले. बावीसच्या बावीस हात. वादविवाद असा काही झालाच नाही. काकू नको नको म्हणतील, अशी हागिनोयाला शेवटची आशा होती, पण त्यांनी पातेलं खाली ठेवलं आणि एप्रनला हात पुसले.

“बरं,” त्या म्हणाल्या. “एकोणीस वर्षं खिडकीतून बघतेय, मला काय दिसत नाही? सहा नंबर, तू वल्हं उशिरा टाकतोस. तीन नंबर, तू जेवत नाहीस नीट, मग ओढणार कशाने? मिनेगिशी, तू आज छान ओरडलीस, उद्याही असंच. आणि हागिनोयासान...”

“हं?” हागिनोया म्हणाला. खरं सांगायचं तर त्याला रडू येत होतं.

“तुम्ही पहाटे साडेचारला स्वयंपाकघरात या. तांदूळ धुवायचा असतो. पाणी नितळ होईपर्यंत, घाई न करता.”

सगळे त्याच्याकडे बघत होते. त्सुकुदासुद्धा झुडपातून बाहेर येऊन बघत होता, केसांत पानं तशीच. हागिनोया कंबरेत वाकला.

“हो, कान्तोकु,” तो म्हणाला.