तेवीस की तेहतीस

चूक माझी होती, आणि ती मी पंधरा दिवस नानांच्या माथी राहू दिली. हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर नानांच्या विक्षिप्तपणाला हसता हसता तुम्ही मला भला माणूस समजाल.

नाना कुठल्याही मोठ्या दारातून दोन्ही हात पसरून, किंचित तिरके होत आत शिरतात. बँकेत, मंगल कार्यालयात, धुळ्याच्या माझ्या वर्कशॉपमध्येसुद्धा. अमळनेरचे हे कापूस व्यापारी पन्नाशीत विमान चालवायला शिकले. सत्तरीत त्यांनी दोन जणांचं जुनं विमान घेतलं आणि शेतात त्याच्यासाठी ऐसपैस हँगर बांधलं. दरवाजा मी करायचा होता.

तो निवडण्यात महिना गेला. शटर दाखवलं. "नही भाऊ, वारामा हाई बोंबलस." मोटरनं वर उचलला जाणारा दाखवला. "लाईट गयी ते इमान बाहेर कसं येई?" शेवटी रुळावर सरकणारा ठरला. तोही एका हातानं ढकलता यायला हवा. म्हैस गोठ्यात घेताना तू दोन्ही हात दाराला लावतोस का, असं त्यांनी मलाच विचारलं.

विमान दुरुस्तीसाठी बाहेरगावी होतं. पंखांचं माप नानांनी फोनवर सांगितलं. दरवाजा बसला, विमान आलं, आणि दोन्ही पंख चौकटीबाहेर! शेतात जमलेली सगळी आळी बघत होती.

"नाना, तुम्ही तेवीस फूट म्हणालात," मी म्हणालो.

नानांनी पंखाच्या टोकावर हात ठेवला. मग हळूच म्हणाले, "मीच तसं सांगं व्हई."

घरी येऊन डायरी उघडली. माझ्याच अक्षरात लिहिलेलं, 'पंख ३३'. कारागिराला सांगताना तेवीस मीच म्हणालो होतो. मी डायरी मिटून ठेवली.

दरवाजा रुंद करायला गेलो, तेव्हा नानांच्या घरात जागोजागी चिठ्ठ्या डकवलेल्या. 'चष्मा वरच्या खणात.' 'गॅस बंद केला का?' नाना खाटेवर बसून सतराचा पाढा म्हणत होते.

"राहू दे दरवाजा," ते म्हणाले. "इमान इकी टाकसू. आबानं बी असंच सुरू झायतं."

आबा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ. शेवटी शेवटी ते स्वतःचं घरही ओळखत नव्हते. चार वर्षं नानांनी त्यांना हातानं भरवलं होतं. हे मला ठाऊक होतं.

मी पिशवीतली डायरी काढून त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी आकड्यावरून दोनदा बोट फिरवलं.

"तेहतीस! म्हणजे मनं डोकं ठिकानवर शे!" त्यांनी माझ्या पाठीत असा धपाटा घातला की मी खाटेवर आदळलो. मग उठून त्यांनी एकेक चिठ्ठी टराटरा फाडली. "चहा पिशी ना, भाऊ?"

माझ्या छातीवरचं ओझं उतरलं होतं, पण खरं बोलायचं अजून उरलंच होतं. मी त्यांचा हात धरला.

"नाना, पंधरा दिवसांपूर्वीच मला कळलं होतं. लाजेनं गप्प बसलो. तुम्हाला स्वतःवर शंका घ्यायला लावली. मला माफ करा."