झाकणावरची चिठ्ठी

शनिवारी सकाळी ठिणगीने लॅपटॉपचं बटण दाबलं आणि ती अंघोळीला गेली. केस धुऊन, पुसून, विंचरून बाहेर आली तरी पडद्यावरचं चक्र फिरतच होतं. एकूण अकरा मिनिटं. तिने त्याच क्षणी ठरवलं, आज एकतर हा सुधारेल, नाहीतर खिडकीतून खाली जाईल.

(ठिणगी हे नाव बाबांनी पाडलेलं. दाखल्यावरचं नाव फार शांत आहे, ते तिला कधी शोभलंच नाही.)

"बाबा, याच्यावर मी आज लिनक्स टाकतेय," तिने जाहीर केलं. "हलकी सिस्टिम असते. जुन्या मशीनला झेपते."

"आत्ता काय बिघडलंय त्याचं?" बाबांनी दाढीचा फेस लावता लावता विचारलं. "मी बटण दाबतो, दाढी करतो, कुंड्यांना पाणी घालतो, परत येतो तर स्वारी तयार. वय झालं की उठायला वेळ लागतो."

"सोमवारी बारा वाजता माझा प्रबंध द्यायचाय! एक पान खाली सरकवलं की हा चिंतनाला बसतो. दिला नाही तर वर्ष गेलं."

"जुन्या गोष्टीचं वजन कमी केलं की ती पळते," आई आतून म्हणाली. "तुझ्या बाबांना हे मी दहा वर्षं सांगतेय."

प्रबंधाचा विषय होता 'ज्येष्ठ नागरिक आणि तंत्रज्ञान'. ठिणगीला त्यासाठी फार फिरावं लागलं नव्हतं. घरातच दोन नमुने होते. बाबा छापखान्यातून निवृत्त झालेले मुद्रितशोधक. लॅपटॉप बंद करताना त्याला 'बरं, येतो' म्हणणारे. आई औषधांच्या दुकानात कामाला. तिला घरातल्या प्रत्येक डब्यावर चिठ्ठी लागायची, आणि ती चिठ्ठी ती चिकटवायची झाकणावर. डबे धुतले की झाकणं इकडची तिकडे होत. मग 'साखर' लिहिलेल्या डब्यात मीठ, 'मीठ'मध्ये कॉफी आणि 'कॉफी'मध्ये बटणं. घरात सगळ्यांना पाठ होतं. पाहुण्यांना नव्हतं. एकदा मावशीने खारट कॉफी सगळी संपवली, वर चांगली झालीय म्हणाली, आणि पुन्हा आली नाही.

"आई, चिठ्ठी डब्यावर लाव, झाकणावर नको!" हे वाक्य ठिणगी आठवीपासून म्हणत आली होती.

तर काम सुरू झालं. तिच्याकडे कॉलेजच्या परिसंवादात मिळालेले दोन पेनड्राइव्ह होते, जुळ्या भावांसारखे. एकात घरातल्या सगळ्या फायली उतरवायच्या, दुसऱ्यावर लिनक्स चढवायचं. गोंधळ नको म्हणून तिने चिठ्ठ्या लिहिल्या. 'फायली' आणि 'रिकामा'. पद्धतशीर काम. (घरात निदान एक तरी माणूस पद्धतशीर असावा.)

आईबाबांचे फोटो, आईचे स्वेटरचे नमुने आणि तिचा प्रबंध उतरायला दीड तास लागला. कालच लिहून संपवलेलं निष्कर्षाचं प्रकरणही त्यात आलं. मग दुसरा खरंच रिकामा आहे ना, हे तिने उघडून पाहिलं. होता. दोघांना टोप्या घातल्या आणि 'रिकामा' घेऊन ती खालच्या मजल्यावरच्या मैत्रिणीकडे गेली. तिच्या चांगल्या संगणकावर तो लावला.

पडद्यावर प्रश्न आला, यावरचं सगळं पुसलं जाईल, नक्की ना?

"एकदा वाचून तरी बघ," मैत्रीण म्हणाली.

"अगं, असले प्रश्न घाबरट लोकांसाठी असतात," ठिणगी म्हणाली आणि तिने 'हो' दाबलं.

वर येऊन तिने लॅपटॉपला तो पेनड्राइव्ह लावला. त्यानेही तेच विचारलं. सगळं पुसू? ठिणगीने पुन्हा 'हो' म्हटलं, जरा ठसक्यातच. अर्ध्या तासात लिनक्स बसलं. तिने लॅपटॉप बंद करून परत चालू केला. बावीस सेकंद!

"बाबा! बावीस सेकंद!"

बाबा एका गालावर फेस घेऊन धावत आले. लॅपटॉप नव्याने सुरू करायचा म्हणजे पुन्हा दाढीला बसायचं, अशी त्यांची समजूत होती. "एवढ्यात झाला? मग मी हा दुसरा गाल कधी करायचा?"

ठिणगीने विजयी मुद्रेने 'फायली' लावला. आत काहीच नव्हतं. काढून फुंकर मारली, परत लावला. काही नाही. मग तिने दोन्ही पेनड्राइव्ह टेबलावर ठेवले आणि ती ओरडली.

"आई! तू माझ्या पेनड्राइव्हना हात लावलास?"

"मी कशाला लावू?"

"मग अदलाबदल कशी झाली? मी चिठ्ठ्या लावल्या होत्या, स्वतःच्या हाताने!"

"कुठे लावल्या होत्यास?"

ठिणगीने टेबलावरच्या टोप्या मुठीत लपवल्या.

"कुठे गं?" आईने अगदी मऊ आवाजात विचारलं.

"टोप्यांवर."

"म्हणजे झाकणांवर." आई खुर्ची ओढून बसली. ठिणगी आठवीत असल्यापासून ती या क्षणाची वाट बघत असावी. "तरी मी म्हणत होते, वळण लागतं हो."

ठिणगीने मैत्रिणीला फोन केला. तिच्या म्हणण्याप्रमाणे पेनड्राइव्हवरही लिनक्स चढलं होतं आणि लॅपटॉपवरही, त्यामुळे आशा धरू नये. प्रबंधाच्या मार्गदर्शक मॅडमना पाठवलेली प्रत? 'पूर्ण झाल्याशिवाय एक ओळ दाखवणार नाही' असं ठिणगीने बाणेदारपणे सांगितलं होतं. ती जमिनीवरच बसली. "गेलं. दोन वर्षांचं काम. सोमवार."

बाबा गालावरचा फेस पुसत आत गेले. परत आले ते कागदांचा गठ्ठा घेऊन.

"हे काय?"

"तुझा प्रबंध. महिन्यापूर्वी तूच छापून दिला होतास, मी मागे लागलो म्हणून. मी तपासून दिला, तर म्हणालीस, 'बाबा, आता चुका संगणक दाखवतो,' आणि रद्दीत टाकलास. मी काढून ठेवला. पुस्तक हातात येईपर्यंत तपासलेली प्रत टाकायची नसते. छापखान्याचा नियम आहे."

ठिणगीने गठ्ठा घेतला. प्रत्येक पान लाल पेन्सिलीने सजलेलं होतं. एरवी ती भडकली असती. आज तिने डोळे पुसले, बाह्या सरसावल्या आणि लॅपटॉप पुढ्यात ओढला. "वाचा, बाबा. मी टाइप करते. रविवार संध्याकाळपर्यंत संपवायचा म्हणजे संपवायचा."

आणि बाबांनी वाचला. स्वल्पविरामासकट, पूर्णविरामासकट. मध्येच थांबून 'इथे आधार काय?' असंही विचारलं. ठिणगीने तीनदा दात खाल्ले आणि तीनशे बारा दुरुस्त्या मुकाट्याने केल्या. आई 'साखर' लिहिलेल्या डब्यापासून लांब राहून कॉफी करत राहिली.

रविवारी पाच वाजता गठ्ठा संपला. राहिलं फक्त निष्कर्षाचं प्रकरण. ते बाबांच्या प्रतीत नव्हतंच.

"आठवतंय तेवढं सांग," बाबा पेन्सिल सरसावून म्हणाले. "काय निष्कर्ष काढला होतास?"

ठिणगीने खाली बघत सांगितलं, "ज्येष्ठ व्यक्ती सूचना न वाचता 'हो' दाबतात, मदत घेत नाहीत आणि महत्त्वाच्या कामाची दुसरी प्रत ठेवत नाहीत."

बाबांनी ते लिहून घेतलं.

"वाक्य चांगलं आहे, राहू दे," ते म्हणाले. "आणि उदाहरण लागलं तर घरातच एक आहे. वय तेवढं चोवीस घाल."