रारोटोंगाच्या वाटेवर हरवलेला सोमवार

जगातलं कुठलंही वेळापत्रक आपल्याला समजतं, असा महालिंगप्पांचा दावा होता, आणि तो खोटा म्हणायची परंड्यात कुणाची टाप नव्हती. एसटी स्टँडावर एकतीस वर्षं वाहतूक नियंत्रक म्हणून काढलेला माणूस! कुर्डुवाडीची गाडी किती वाजता येणार हे फळ्यावर लिहिलेलं असे. ती खरोखर किती वाजता येणार हे फक्त महालिंगप्पा सांगत.

म्हणून दिवाळी झाल्यावर ऑकलंडच्या लेकीचा, उमादेवीचा, फोन आला तेव्हा अप्पा नुसते हसले.

"अप्पा, संक्रांत झाली की तुम्ही आणि अव्वा इकडं या. इथनं चार तासांवर रारोटोंगा नावाचं बेट आहे. निळं पाणी, नारळाची झाडं! आठवडाभर राहून येऊ. विमानाच्या वेळा पाठवल्यात, जरा बघून ठेवा."

"वेळा? अगं, मला वेळा दाखवतीस?"

अप्पांनी ऐटीत मोबाइल उघडला. जाताना: ऑकलंडहून मंगळवारी सकाळी नऊला सुटणार, रारोटोंगाला सोमवारी दुपारी दोनला पोचणार.

अप्पांनी चष्मा पुसला. मोबाइलही पुसला. येताना: रविवारी रात्री अकराला सुटणार, प्रवास चार तास, मंगळवारी पहाटे दोनला पोचणार.

लेकीला उलटा फोन गेला. "पोरी, ही गाडी आधी पोचती आन मग सुटती का काय?"

"अप्पा, मधे समुद्रात तारीख बदलायची रेघ आहे. जाताना एक दिवस दोनदा येतो, येताना एक दिवस गायब होतो."

"रेघ कुणी ओढली?"

"ओढलेली नाही हो. मानलेली आहे!"

"मग दुसऱ्या वारी जाऊ."

"रजा तेवढीच मिळतीय, अप्पा."

मानलेल्या रेघेचं अप्पांना वावडं नव्हतं. दोन तालुक्यांच्या हद्दी त्यांनी आयुष्यभर तशाच मानल्या होत्या. पण एकदम त्यांना आठवलं. नीलम्मा! बायकोचं सोळा सोमवारांचं व्रत चालू होतं!

"नीलम्मा, तुजा एक सोमवार दोनदा येतोय. आन एक येतच न्हाय!"

नीलम्मा शेंगा फोडत होती. तिनं नवऱ्याकडं निरखून बघितलं. "जावयाची नोकरी तिकडं पक्की व्हावी म्हणून धरलंय. खाडा पडत आसंल तर म्या न्हाय बाई यायची."

झालं! नीलम्माशिवाय परदेश? अप्पांना बार्शीच्या पलीकडं एकट्यानं झोप लागत नसे. रारोटोंगा तर बार्शीच्या बरंच पलीकडं होतं.

अप्पांनी कोठीतला भोपळा काढला आणि त्यावर खडूनं पृथ्वी काढली. देठापाशी परंडा, खाली ऑकलंड, बाजूला रारोटोंगा, मधून रेघ. भोपळा फिरवत ते तासभर सोमवार शोधत होते. ते पाणी प्यायला उठले, तेवढ्यात नीलम्मानं भोपळा चिरला. बरोबर रेघेवरून!

मग अप्पा थेट मठात गेले. शांतलिंग स्वामींनी सगळं शांतपणे ऐकलं.

"सूर्य उगवला की वार लागतो, महालिंगप्पा. सोपं आहे."

"पण स्वामी, मंगळवारी सकाळी उपास सोडून ती विमानात बसली, आन उतरल्यावर सोमवारच असला तर? पोटात गेलेलं कोणत्या वारचं धरायचं?"

स्वामींनी पंचांग उघडलं. त्यात मुंबई होती, सोलापूर होतं, रारोटोंगा नव्हतं. त्यांनी पंचांग मिटलं. "जानेवारीत थंडी असते का हो तिकडं?" असं विचारून त्यांनी विषयच बदलला.

तोवर ही बातमी स्टँडासमोरच्या रामकिसनच्या चहाच्या टपरीवर पोचली होती. जगात वार बुडवायची सोय निघाली, म्हटल्यावर गर्दी लोटली.

"अप्पा, सोमवारी माजी बांधाच्या भांडणाची तारीख हाय कोर्टात. तेवढी त्या रेघेवर सोडून येता का?"

"मला साडेसाती हाय, अप्पा. साडेसात वर्षांचं शनिवार एकदम गायब करता येत्याल का?"

"एकदम न्हाय," अप्पा गंभीरपणे म्हणाले. "एका खेपंला एकच."

"म्हंजी तीनशेनव्वद खेपा!" रामकिसननं बोटांवर हिशोब करून सांगितलं. साडेसातीवाला म्हणाला, त्यापेक्षा शनीच बरा.

हरणाबाई भाजी विकायला बसल्या होत्या. त्यांनी एकच विचारलं, "आवं, जाताना जादा मिळालेला दिवस येताना कापून घेत्यात ना? मग फिट्टंफाट झाली की! एवढा गलका कशापायी?"

अप्पा तिथल्या तिथं उभे राहिले. फिट्टंफाट! ते पळतच मठात गेले. जाताना दोनदा येणाऱ्या सोमवारी दोन्ही वेळा उपास करायचा, आणि त्यातला दुसरा येताना बुडणाऱ्या सोमवारापोटी जमा धरायचा! स्वामींनी पंचांग बाजूला सारलं. म्हणाले, "भोळा शंकर आहे. चालवून घेईल."

अप्पांनी पुठ्ठ्यावर तक्ता आखला. सुटण्याची वेळ, पोचण्याची वेळ, उपास धरण्याची वेळ, सोडण्याची वेळ. खाली स्वामींची सही. सोमवारी संध्याकाळी त्यांनी तो नीलम्मापुढं असा धरला, की जणू रारोटोंगाला नवा डेपोच मंजूर झाला!

"घे! एकबी सोमवार बुडत न्हाय. आता येतीस ना?"

नीलम्मानं तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला. "आज कितवा सोमवार हाय?"

"आज? आज… सातवा?"

"अकरावा. ऱ्हायले पाच. उद्यापन मार्गशीर्षातच हुतंय. आपुण जाणार कवा?"

"संक्रांतीनंतर," असं अप्पा म्हणाले खरे, पण ते त्यांचं त्यांनाही ऐकू आलं नाही.

"अगं, मग आठ दिवस बोलली का न्हाईस? भोपळा काय, मठ काय, निम्मं परंडं कामाला लागलं!"

"लग्नाला एकोणचाळीस वर्षं झाली," नीलम्मा म्हणाली, "माज्या उपासाची एवढी चौकशी तुमी पयल्यांदाच केलीत. बरं वाटत हुतं. म्हणलं, चालू दे."

 अप्पांनी तक्त्याची गुंडाळी केली आणि बायकोसाठी काहीतरी करावं म्हणून ते तडक स्वयंपाकघराकडं वळले.

"बस तू. आज म्या करतो. साबुदाणा कुठं ठेवलाय?"

"आवं," नीलम्मा म्हणाली, "ह्या व्रताला साबुदाणा चालत न्हाय. अकरा सोमवार झालं, तुमच्यासमोर बसून गव्हाचा चुरमाच खाते म्या."