सासूबाईंचा क्रांतिक बिंदू

सासूबाई राहायला येणार हे ठरलं तेव्हा बायकोनं एकच अट घातली. "मागच्या खेपेसारखा तमाशा नको. या वेळी जो आधी आवाज चढवेल, त्यानं घर सोडायचं. आईलाही हेच सांगितलंय."

अंदाजपंत गालातल्या गालात हसले. फ्रिजमध्ये भरायचा गॅस जिथे बनतो, त्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत ते होते आणि हे नाव त्यांना तिथेच चिकटलं होतं. नवा गॅस आला की तो कधी कसा वागेल, हे ते न मोजताच सांगत. तत्त्व सोपं होतं. प्रत्येक द्रवाचा एक क्रांतिक बिंदू असतो. त्यापुढे द्रव कोणता नि वाफ कोणती, काही कळत नाही. त्या बिंदूच्या किती जवळ आलोय एवढंच बघितलं, तर सगळे द्रव जवळजवळ सारखेच वागतात. एकाचा आलेख हाती असला की दुसऱ्याचा बसल्या जागी काढता येतो.

बायकोचा आलेख पंतांना तोंडपाठ होता. पलंगावर ओला टॉवेल टाकला की कपाळावर आठी, दुसरा टाकला की भांड्यांची आदळआपट, तिसऱ्याला क्रांतिक बिंदू. तोच आलेख सासूबाईंना लावला की त्या कधी भडकणार ते आधीच कळेल आणि वेळेवर गप्प बसता येईल. घोडं अडलं ते एकाच ठिकाणी. सासूबाईंचा बिंदू ठाऊक नव्हता, आणि तो काढायचा तर त्यांना एकदा तिथवर नेणं भाग होतं. त्यात त्यांनाच घर सोडावं लागलं, तर पंतांचा नाइलाज होता.

सासूबाई आल्या त्याच दिवशी पंतांनी त्यांच्या खुर्चीवर ओला टॉवेल टाकला. सासूबाईंनी तो पिळून वाळत घातला.

सासूबाईंची मालिका ऐन रंगात आली असताना पंतांनी टीव्ही बंद केला. "बरं केलंत, जावईबापू," सासूबाई म्हणाल्या, "डोळे दुखतच होते." त्यांच्या डोळ्यांसाठी टीव्ही बंदच राहिला आणि पंतांची क्रिकेटची मॅच बुडाली.

मग पंतांनी चहात मीठ घातलं. संशय नको म्हणून स्वतःही तोच प्यायले. सासूबाईंनी कप रिकामा केला. "काहीतरी वेगळीच चव आहे हो. रोज तुम्हीच करत जा."

पंत रोज पहाटे उठून खारट चहा करू लागले. तो घशाखाली उतरवताना डोळ्यांत पाणी यायचं. शेवटी एकदा सासूबाई मायेनं म्हणाल्या, "जावईबापू, माझ्यासाठी किती कष्ट घेता!"

"अहो, पण तुम्ही चिडत का नाही?" पंत असे कडाडले की समोरच्या इमारतीतल्या खिडक्या उघडल्या.

बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिनं माळ्यावरची बॅग काढून दिली.

"जाणार कुठे बिचारे?" सासूबाईंनी कनवटीची किल्ली पुढे केली. "माझं घर रिकामंच आहे. कुंड्यांना पाणी घाला. मला त्यांचीच काळजी लागून राहिली होती."

पंत जिना उतरू लागले. वरून सासूबाईंचा आवाज ऐकू आला. "तुझे बाबाही असेच. कितीही छळू देत, आपण गोड बोलत राहायचं. तिसऱ्या कौतुकाला फुटायचे. म्हटलं, हेही तसेच असतील."

पंत पायरीवर थबकले. त्यांनी मनात कौतुकं मोजली. टीव्ही, चहा, कष्ट. आकडा बरोबर येत होता. किल्ली खिशात टाकून ते निमूटपणे कुंड्यांना पाणी घालायला निघाले.